चार कादंबऱ्या आणि काटेरी कुंपण

"गोदेपासून बालाघाटापर्यंत असं रहस्य जन्मलं न्हाई, जे मला बघून आपणहून उकलत न्हाई!" असं म्हणत सुंदरराव गुप्तहेर सिरसाळ्याच्या चावडीत शिरले. मागून पिशवी सांभाळत आसाराम. बारा वर्षं तो त्यांची पिशवी वाहत होता अन् त्यांच्या चुकाही.

निजामाचा अमल. धनगराच्या गहिनीनाथानं दोन हजार सालातल्या माणसांवर चार कादंबऱ्या लिहिल्या, अन् कुणीतरी चुगली केली की यात राजद्रोह आहे. बीडहून पोलिसांचे अमीनसाहेब चौकशीला आले, अन् वह्या तपासायला त्यांनी सुंदररावांना बोलावलं. गुन्हा ठरला तर वह्या चुलीत, गहिनीनाथ तुरुंगात.

सुंदररावांनी वह्यांवर भिंग धरलं. "चारीत त्येच त्ये! माणसांच्या कानाला खूण. सांजंला मोजणी. काटेरी कुंपण. वर्षातनं दोनदा समद्यांचं मुंडन. एकाच्या गळ्यात घंटा, बाकी मुकाट त्याच्या मागं."

"मतलब?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"कानाची खूण म्हंजी गुप्त टोळी. मुंडन म्हंजी गोसाव्यांचं बंड. अन् घंटावाला तर लई वरचा माणूस!"

कोपऱ्यात बसवलेला गहिनीनाथ वह्यांकडं सरकला. 'मालक, आता तरी गप बसा,' आसाराम मनातल्या मनात विनवत होता.

"कावून लिवलं बे असलं?" अमीनसाहेब गरजले.

"लिवाय बसलं की असंच दिसतंय, साहेब."

तुरुंगात गारठा असेल म्हणून घोंगडी घेऊन आलेली त्याची आई, साखराबाई, दारातच थबकली होती. ती एकदम खुदकन हसली.

"आगं माय! ही तर आपली मेंढरं! मेंढरं कोंडायच्या वाडग्यात बसून लिवतंय की वो ह्ये. पुढ्यात समदी कातरलेली, कान कापलेली उभी. दसऱ्याला एक गायब व्हतंय, त्ये बी लिवलंय का?"

"तिसऱ्या वहीत," अमीनसाहेब नकळत बोलून गेले.

सुंदररावांनी मिशी सावरली. "मग चारीतला त्यो तीक्ष्ण नाकाचा, सदा जागा पहारेकरी? त्यो तर मीच!"

"त्यो आमचा काळ्या कुत्रा. लांडगा उगवतीला असला की ह्यो मावळतीकडं तोंड करून भुकतो."

आसारामाला ठसका लागला. अमीनसाहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तीन वह्या त्यांनी परत दिल्या. चौथी काखेतच ठेवली.

"साहेब, ती...?" गहिनीनाथ चाचरला.

"यातली ती लंगडी पोरगी कुंपणाबाहेर पडते का न्हाई?"

"न्हाई ठरलं अजून. अर्धीच हाय कादंबरी."

अमीनसाहेबांनी वही त्याच्या हातात ठेवली. "मग बस वाडग्यात. सरकारी हुकूम हाय. तिला बाहेर काढ."