दरेकर आप्पांची दौंडची लाइन

कुणाच्याही घरातलं भांडण दरेकर आप्पांच्या कानावर घाला, ते चष्मा कपाळावर चढवून एकच विचारणार, "घड्याळ कोण देतंय?"

शिक्रापूरला माझ्या धाकट्या बहिणीचं सासूशी पटेना, तेव्हा मी आपली सहज बोलून गेले. आप्पा म्हणाले, "दोघीबी देत असत्याल. एकीनं द्यायचं, दुसरीनं घ्यायचं. दोघी द्यायला लागल्या की लाइन चालू दिसती, पर कामाची न्हाई." हे मी बहिणीला सांगितलं, तर तिनं फोनच आपटला.

हे घड्याळ भिंतीवरचं नव्हे, मोडेमचं. मी आमच्या पतसंस्थेच्या शिरूर शाखेची मॅनेजर. शिरूर आणि दौंड या दोन शाखांचे कॉम्प्युटर तांब्याच्या एका भाड्याच्या लाइननं जोडलेले, आणि दोन्ही टोकांना एकेक मोडेम. दोन्हींचा वेग सारखा लावायचा. घड्याळाचा ठोका मात्र एकानंच द्यायचा आणि दुसऱ्यानं मुकाट घ्यायचा. आप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर आमची लाइन हौसेनं सांभाळायचे. मोडेमला हात लावण्याआधी चपला दाराबाहेर. त्याच्यावर कुणी चहाचा कप ठेवला तर आप्पांचा चेहरा असा व्हायचा, जणू देवघरात कुणी बूट घालून शिरलंय. एकदा मीच ठेवला होता. पुढे कितीतरी दिवस मला 'म्याडम' म्हणेनात, नुसतं 'अवं' म्हणायचे.

दौंडच्या टोकाला मुलाणी मामा. त्याच खात्यातले, त्याच वयाचे, तेवढेच हट्टी. लाइन तपासायची म्हणजे शिरूरहून आप्पा फोन लावणार आणि म्हणणार, "लूप टाक." मामा तिकडे मोडेमचं बटण दाबणार. मग इथून पाठवलेलं सगळं तिथून जसंच्या तसं माघारी येतं आणि वाटेत काय चुकलं ते कळतं. "टाकला," मामा सांगणार. आप्पांचं बघून झालं की "काढ." "काढला." असा यांचा संवाद. वर्षानुवर्षं.

एकदा मात्र दोघांत वाजलं. मामांचं म्हणणं, दौंड जंक्शन आहे, आख्खी रेल्वे आमच्या घड्याळावर चालते, तेव्हा ठोका दौंडच देणार. आप्पांचं म्हणणं, रेल्वेचं नाव काढू नको, ती कवा वेळेवर आली? झालं! दोघांनीही हट्टाला पेटून आपापला मोडेम ठोका देणारा करून ठेवला. दिवे हिरवेगार, आणि पडद्यावर खातेदारांची नावं अर्धीमुर्धी. काउंटरवर माणसं खोळंबलेली, माझं डोकं तापलेलं. या दोन म्हाताऱ्यांना मी फोनवर असं काही झापलं की बोलायची सोय नाही. शेवटी मामांनी माघार घेतली. आप्पा दिवसभर मिशीत हसत होते. निघताना मात्र हळूच म्हणाले, "दिलदार हाय मुलाणी. म्या नसतं घेतलं."

मागच्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला. हळूहळू चालायला लागले, पण वाचा गेली. आप्पा दौंडला जाऊन आले. मामा हात धरून नुसते रडत बसले म्हणे, तोंडातून शब्द नाही. त्यानंतर आप्पांनी आमच्याकडे कुणालाच घड्याळाचं विचारलं नाही.

मामांची सून शबाना आमच्याच दौंड शाखेत आहे. सासऱ्यांना घरी एकटं ठेवायचं जिवावर येई, म्हणून ती त्यांना शाखेत आणून बसवायची. एकदा लाइन अडखळली आणि आप्पांनी फोन लावला. तो उचलला मामांनी. आप्पांना काय ठाऊक! ते सवयीनं म्हणाले, "लूप टाक." आणि तिकडून घोगरा आवाज आला, "टाकला."

हे सांगताना शबानाला रडू आवरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सवयीचे शब्द कधी कधी शिल्लक राहतात, ते वदवून घेत राहा. तेव्हापासून आप्पा रोज सकाळी हजर. लाइन ठणठणीत असली तरी तपासणी व्हायचीच. टाक, टाकला. काढ, काढला. मामांच्या पदरात तेवढेच दोन शब्द उरले होते, आणि आप्पा ते रोज त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचे.

यंदा हेड ऑफिसनं फायबर घेतलं आणि तांब्याची लाइन बंद करायचा हुकूम आला. आप्पा खुर्चीत बसले ते उठेचनात. म्हणाले, "म्याडम, आन् मुलाणी कशावर बोलंल?"

मी म्हटलं, फोन आहे की, नुसतं बोला.

"बोलून बघितलं. कसा हायस इचारलं की नुसता हुंदका. कामाचं इचारलं तरच त्याचं तोंड उघडतं."

मी हेड ऑफिसशी भांड भांड भांडले. तिथं कोण ऐकतंय? लाइन गेली. दोन्हीकडचे मोडेम तेवढे मी हलवू दिले नाहीत. म्हटलं, बघू कोण हात लावतं ते.

दुसऱ्या सकाळी आप्पा नेहमीच्या वेळेला आले. मोडेमचा लाइनचा दिवा विझलेला होता. त्याच्यासमोर बसून त्यांनी दौंडला फोन लावला, स्पीकरवर.

"मुलाणी, लूप टाक."

"टाकला."

आप्पा त्या विझलेल्या दिव्याकडे बघत म्हणाले, "झकास हाय. एकबी चूक न्हाई. काढ."

तिकडून काहीच आलं नाही. आमच्या शाखेत सगळे हातातली कामं सोडून बसलेले. नुसता मामांचा श्वास ऐकू येत होता. आप्पांनी फोन घट्ट धरला. आता तो दुसरा शब्दही गेला असं मला वाटलं.

मग एकेक अक्षर ओढत मामा म्हणाले, "दिवा... न्हाई. खोटं... बोलतूस."

आप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचेना. आमच्याकडे वळून म्हणाले, "मला खोटारडा म्हनला." अन् पुन्हा फोनवर वाकले.

"व्हय, मुलाणी. खोटंच बोललो. आता शिव्या दे. सावकाश दे, म्या हितंच बसलोय."