तात्यांचा रिजेक्ट माल

किसनतात्या चहाचा पहिला घोट घेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "रिवर्क!" चहा पुन्हा गॅसवर.

चाकणच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर पार्ट तपासले. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. मोशीतल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट 'रिवर्क', नवा वॉचमन 'रिजेक्ट' आणि मी, त्यांचा शेजारी, सांगतो त्या गोष्टी तर कायमच्या 'रिजेक्ट'. 'ओके' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मध्यंतरी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. बंगळुरूच्या मुलानं, संजयनं, भिंतीवर एक पांढरी डबी बसवली. ना कॅमेरा, ना मनगटाला पट्टा. वायफायच्या लहरी हातावर आपटून परततात आणि थरथर किती ते संजयला मोबाइलवर दिसतं. सगळं ठीक दिसलं की त्याचा फोन येत नाही. अट एकच, संध्याकाळी मोजणीच्या वेळी खोलीत तात्या एकटे हवेत. दुसरं कुणी हललं की गोंधळ.

"एकटं बसायचं व्हय?" तात्या म्हणाले. "त्याची प्रॅक्टिस हाय."

आणि नेमके त्याच वेळी ते मला हाक मारू लागले! मी फुशारलो. लग्नाच्या मांडवात घुसलेल्या म्हशीची माझी गोष्ट सुरू झाली, की तात्या म्हणत, "हात हलव की लेका! म्हस न्हाई दिसत." मी दोन्ही हातांची शिंगं करून खोलीभर फिरे. तेवढ्यात संजयचा फोन. "तात्या, कोण आलंय? मोजणी बिघडली ना!" मग तात्या खुशीत बोलणी खात, जेवलास का विचारत, फोन लांबवत. माझी म्हैस मांडवातच अडकून राही.

तात्यांना म्हैस नव्हे, तो फोन हवा असतो, हे मला उशिरा कळलं. कळल्यावर मी शेपटीही हलवू लागलो.

परवा संजयनं तिकडूनच डबी सुधारली आणि फोनवर सांगितलं, "आता ती दोन माणसं वेगळी ओळखते. कुणीही बसा, तात्या!" बिचारा केवढा आनंदात होता.

त्या संध्याकाळी मी घाम फुटेपर्यंत म्हैस नाचवली. फोन गप्प. तात्या त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"बस. दमलं आसतील हात."

त्यांचा हात माझ्या मनगटावर थरथरत होता. त्यांनी तो काढला नाही.

"म्हशीचं पुढं काय झालं?"

मी हात न हलवता गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. तात्यांनी डोळे मिटले.

"ओके," ते म्हणाले.