पादरीबाबांचा मठ

आमचे पादरीबाबा कुणाच्या नव्या घरी गेले की आधी घरधन्याला नव्हे, जोत्याला भेटत. काठीने एकेक दगड ठोकत आणि हा कुठून आणला ते विचारत, "हाऊ दगड कथाईन उना?" नवापुरात लोक म्हणत, बाबांना पाणी नंतर द्या, आधी दगड दाखवा.

बाबा आयर्लंडचे, अहिराणी बाजारात शिकलेले. मी त्यांच्या मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांच्या गावच्या पडक्या मठाची कथा मी इतक्यांदा ऐकली होती की झोपेतही म्हणून दाखवली असती. कुणा सरदाराने जमीन दिली, अनवाणी साधूंनी तिथे मठ बांधला, दारोदार मागून चालवला. मग इंग्रज राजाच्या शिपायांनी साधू हाकलले, घंटा नेली. "मंग छप्पर गयं. मंग दगड गयात." दगड कुणी नेले असं विचारलं की बाबांना हटकून चिलीम पेटवायची असे.

त्या वर्षी नाताळाला नवं प्रार्थनाघर उघडायचं होतं. रतन मिस्त्रीने जोतं पुरं केलं आणि बाबांना हौसेने बोलावलं. बाबांनी काठी ठोकली, वाकले, एका दगडावरची माती बोटाने खरवडली. खाली कोरलेलं कमळ निघालं.

"नदीवरना पडेल देऊळना शेतस, बाबा," मिस्त्री खुशीत म्हणाला. "घडेल दगड, फुकटमा भेटनात!"

बाबा लालभडक झाले. "सम्दा परत लई जा."

नाताळ तोंडावर आलेला. मिस्त्री हात जोडून दमला. मीही शहाणपणा केला, "बाबा, त्या देवळात कुत्रंसुद्धा फिरकत नाही." ऐकतील तर शपथ! जोतं उखडलं, बैलगाड्या भरल्या, आणि बाबा बूट काढून गाड्यांमागे चालू लागले. सारं नवापूर हसलं. मीही हसलो.

देवळापाशी शेवटचा दगड उतरला तेव्हा बाबा खाली मान घालून म्हणाले, "मास्तर, लाज वाटस."

"मिस्त्रीची?"

"मन्ही."

त्यांच्या आयर्लंडातल्या घराचा उंबरा म्हणजे त्या मठातल्या एका साधूच्या थडग्याची शिळा होती. "मन्हा आजा लई उना. त्यावरनी अक्षरेसवर बोट फिराईसन मी वाचाले शिकनू. आनि रोज त्या साधूनी छातीवर पाय दीसन घरमा गऊ."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला माझीच लाज वाटली. तरी तोंडातून गेलंच, "मग घरी कळवा ना. शिळा परत नेऊन ठेवतील."

बाबांनी चिलीम काढली, पण पेटवली नाही.

"घर मन्ही म्हातारी माय एकटी शे. मी इकडे उनू तवयपासून ती त्याच दगडवर बशीसन मन्ही वाट देखस. तिले कसं सांगू, ऊठ म्हनीसन?"