हवेचे निलंबन

आमच्या कारखान्यातल्या हवेला गेल्या महिन्यात निलंबित करण्यात आले. चौकशी मीच केली, आणि ती चोख झाली हे मी छातीठोकपणे सांगतो.

आमच्या भट्टीत पोलादाचा दांडा वितळलेल्या स्लॅगमध्ये, म्हणजे धातूच्या मळीत, बुडवतात. दांडा वितळून थेंब खाली उतरतात, वाटेत स्लॅग त्यांच्यातली घाण काढून घेतो आणि तळाशी स्वच्छ पोलाद साचते. तरीही आमचे पोलाद तपासणीत सारखे नापास होऊ लागले. ठपका भट्टी चालवणाऱ्या शालन बुरुंगले यांच्यावर आला. त्यांची नोकरी जाणार हे जवळजवळ ठरले होते.

“भट्टी मी नीट चालवलीया, सायेब,” त्या म्हणाल्या. “घाण वरनं येतीया. स्लॅगलाच इचारा.”

स्लॅगला बोलावले. जुना माणूस, उगाच बोलणारा नव्हे.

“तापलेल्या दांड्याला ही हवा झोंबते,” तो म्हणाला. “त्याचा गंज माझ्यात पडतो. बाकी सगळ्यांचं मी पोटात घातलं, साहेब. हिचं राहत नाही. पोलादात उतरतं.”

हवेने आरोप नाकारला नाही. आपण पहिल्यापासून सगळीकडेच असतो, इथे येऊ नकोस असे कुणी कधी सांगितले नाही, एवढेच तिचे म्हणणे. मला वाईट वाटले, पण नियम तो नियम. तिच्या जागी आर्गॉनची नेमणूक केली. हा वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुढचे पोलाद इतके स्वच्छ निघाले की तपासनिसांनी आधी स्वतःचे चष्मे पुसले. शालनबाई निर्दोष सुटल्या.

अडचण एकच राहिली. आर्गॉनवर श्वास चालत नाही. पण निलंबित कर्मचाऱ्याला रोज गेटवर हजेरी द्यावी लागते, हे माझ्या बरोबर लक्षात होते. तेव्हापासून सगळे दम धरून काम करतात आणि श्वास घ्यायला गेटवर जातात.

पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा शालनबाई हवेसमोर ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. जिची नोकरी आपल्यामुळे गेली तिच्याकडे मागायचे कसे, याची त्यांना लाज वाटत होती. चेहरा निळा पडत चालला होता.

हवा आपणहून त्यांच्या नाकात शिरली. मागचे काही तिने काढले नाही.

शालनबाईंनी डोळे पुसले. हवेला सही येत नाही, म्हणून तिची हजेरी त्यांनीच लावली. मग छाती भरून श्वास घेतला, तो कोंडला आणि त्या भट्टीवर परत गेल्या.