काशीच्या काकांचं सुतक

"ह्याचे चोवीस तुकडे कर," भूपती भादुडींनी सांगितलं, तेव्हा हारू मासेवाल्याने आधी विळीसमोरच्या सव्वा किलोच्या रोहूकडे पाहिलं आणि मग भूपतीबाबूंकडे.

"चोवीस? बाबू, मासा खायचाय की त्याची पोस्टाची तिकिटं काढायचीत?"

आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. भूपतीबाबूही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कलकत्त्याजवळच्या चंदननगरात त्यांचं घर म्हणजे नवरा-बायको दोघांचं. नगरपालिकेच्या पाणीखात्यातल्या कारकुनाला दोघांपुरता मासा आणणं जमतं. पण आठ दिवसांपूर्वी बायकोच्या, मिनतीच्या, थोरल्या बहिणीचा मुलगा तपू, तीन मित्रांना घेऊन, थेट अलिपूरद्वारहून येऊन थडकला होता. कलकत्त्याच्या एका क्लबात फुटबॉलपटूंची निवड होती. "तीनच दिवस, मावशी!" असं म्हणाला होता. मग मैदानात चिखल झाला, मग निवड करणारे आजारी पडले, आणि चाचणी रोज परवावर जाऊ लागली; आता म्हणे शनिवारी नक्की होती.

चौघेही बावीस-तेवीस वर्षांचे, उंच, आणि अतिशय सज्जन. ताट आपलं आपण घासायचे, वाकून नमस्कार करायचे आणि खायचे. बिशू नावाचा गोलकीपर तर भाताचा डोंगर समोर आला की आधी त्याच्याकडे प्रेमाने बघायचा. मिनतीने चौथ्या दिवशी लहान पातेलं माळ्यावर टाकून लग्नकार्यातलं काढलं. भूपतीबाबू "आज पोट जरा जड आहे" म्हणत अर्ध्या ताटावरून उठायला लागले.

पोरांना "आता निघा" म्हणायची सोय नव्हती. मिनतीची ताई चहामळ्याच्या कंत्राटदाराची बायको, बोलताना हातातल्या बांगड्याही वाजवायची. 'माझ्या तपूला मावशीकडे पोटभर मिळालं नाही' एवढं वाक्य तिला मिळालं असतं, तर तिने ते पुढची वीस वर्षं पुरवून वापरलं असतं.

बुधवारी सकाळी तपूने मुरमुऱ्यांचा चौथा वाडगा संपवून निरागसपणे विचारलं, "काका, रविवारी तुमच्याकडे मटण असतं ना? आई म्हणालीय, मावशीच्या हातचं मटण खाल्ल्याशिवाय येऊच नकोस."

त्या वेळी भूपतीबाबूंच्या हातात नुकतंच आलेलं पोस्टकार्ड होतं. त्यांचे दिनानाथकाका बावीस वर्षांपासून काशीला राहत होते. एकटे, ब्रह्मचारी. दर महिन्याला त्यांचं कार्ड यायचं. 'माझी प्रकृती उत्तम आहे,' असं ह्याही कार्डात लिहिलेलं होतं.

"दिनानाथकाका गेले," भूपतीबाबू म्हणाले.

"कुठे?" तपूने विचारलं.

भूपतीबाबूंनी छताकडे बोट केलं. तोंडाने तो शब्द उच्चारायची त्यांची हिंमत झाली नाही.

हिशेब त्यांच्या डोक्यात विजेसारखा चमकून गेला होता. चुलत्याचं सुतक दहा दिवसांचं. सुतकात मासा नाही, मटण नाही, कांदासुद्धा नाही. भात आणि उकडलेली भाजी. कोणाचा अपमान नाही, कोणाची तक्रार नाही. पोरं चार दिवस उकडलेलं खातील आणि शनिवारी चाचणी झाली की आपणहून घरी जातील.

पण स्वयंपाकघराच्या दारात मिनती उभी होती. तिच्या हातातला झारा खाली पडला. ती नवी नवरी म्हणून ह्या घरात आली, तेव्हा तिच्या बाजूने बोलणारे दिनानाथकाका हे एकटेच होते. तिने हंबरडा फोडला. चारही पोरं खाण्यावरून उठली आणि माना खाली घालून उभी राहिली. खरं सांगायला तो एक क्षण होता, आणि भूपतीबाबूंनी तो पोरांच्या पायांकडे बघण्यात घालवला.

दुपारी पोरं बाहेर गेल्यावर त्यांनी नळापाशी बायकोला पोस्टकार्ड दाखवलं. मिनतीने ते दोनदा वाचलं.

"म्हणजे सकाळपासून मी रडले ती कोणासाठी?"

"मटण परवडलं नसतं गं..."

"म्हणून घरातलं माणूस मारलंत?" ती डोळे पुसून म्हणाली, "मांजराला मी चार तुकडे मासा घालून बसलेय. शेजारी कळवून बसलेय. आता पाळा दहा दिवस. दाढी नाही, तेल नाही, चप्पल नाही."

"चप्पल मुलाने सोडायची असते, मी पुतण्या—"

"काकांना मुलगा नव्हता."

भूपतीबाबू अनवाणी कचेरीत गेले. साहेबांनी उठून त्यांचा हात हातात घेतला, तेव्हा जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. जमीन दुभंगली नाही.

घरी वेगळीच पंचाईत झाली. सुतकातल्या उकडलेल्या बटाट्यावर साजूक तूप घालावं लागतं, हे हिशेबात राहूनच गेलं होतं. "मावशी, हे तर माशापेक्षा भारी लागतंय!" बिशू म्हणाला आणि त्याने तुपाचा डबा तिरका करून आत पाहिलं. तूप तिसऱ्या दिवशी संपलं. पण तोपर्यंत गल्लीतून फळं आणि संदेश नावाची मिठाई यायला लागली होती. सुतकाच्या घरी रिकाम्या हाताने कोण जातं? पपई, केळी, खडीसाखर, दूध. शेजारचे निवारणबाबू स्वतः कलिंगड उचलून घेऊन आले. पोरांनी ते फोडलं आणि दहा मिनिटांत संपवलं. भूपतीबाबूंना हायसं वाटलं. लोकांच्या दुखवट्यावर आपण पाहुणे पोसतोय हे लक्षात आलं, तेव्हा त्यांना केळंही गिळवेना.

"काकांना तुझ्यावाचून कोण आहे?" निवारणबाबू डोळे टिपत म्हणाले. "अकराव्याला श्राद्ध. भटजींशी मी बोललोय. आणि बाराव्याला सुतक सोडताना माशाचं जेवण. फार नको, आपली गल्ली तेवढी. पन्नास पानं धर."

भूपतीबाबू मटकन पायरीवर बसले. निवारणबाबूंना वाटलं, दुःखाने. त्यांनी पाठीवर हात फिरवला.

निदान शनिवारी पोरं जातील, एवढा एकच धीर होता. शनिवारी संध्याकाळी तपू समोर येऊन उभा राहिला. "काका, आम्ही ठरवलंय. श्राद्ध होईपर्यंत आम्ही हलत नाही. पन्नास पानं तुम्ही एकट्याने कशी वाढणार? आम्ही चार खांदे कशाला आहोत?"

"अरे, तुमची चाचणी..."

"ती परत पुढे गेली हो," तपू जमिनीकडे बघत म्हणाला. "तुम्हाला ह्या अवस्थेत सोडून जायचं म्हणजे काय माणुसकी झाली?"

सुतकाच्या दहाव्या दिवशी सकाळी चौघेही गायब होते. दुपारी परतले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. दोघांच्या मध्ये एक मोठी हंडी होती. अंगणात ठेवताच तिच्यात काहीतरी वळवळलं.

"मांगूर आहेत," तपू म्हणाला. "पाण्यात दोन दिवस जिवंत राहतात. पालबाबूंच्या तळ्यात जाळं ओढायला माणसं हवी होती, आम्ही गेलो. मजुरीत मासे मागून घेतले. काका, इतके दिवस तुमचं खातोय. सुतक सोडायचा मासा तरी आमचा."

भूपतीबाबूंनी बिशूचे हात पाहिले. दोराने तळवे सोलून निघाले होते. दहा दिवसांची दाढी, पायात रुतलेला काटा आणि ते खोटं ह्यांपैकी कशाचा भार अधिक, हे त्यांना सांगता आलं नसतं. ते हंडीशेजारी खालीच बसले.

"मासे आत नेऊ नका," ते म्हणाले. "दिनानाथकाका जिवंत आहेत. उत्तम आहेत. तू मटण म्हणालास, माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी त्यांना मारलं. तुम्ही जावं म्हणून. आता थुंका माझ्या तोंडावर."

बिशूने सोललेल्या हातांनी तोंड झाकलं आणि तो हुंदके द्यायला लागला.

"अरे, तू का रडतोस?"

"काका," तपू म्हणाला. "चाचणी पुढे गेलीच नव्हती. दुसऱ्याच दिवशी झाली. आम्हाला चौघांनाही नको म्हणाले. पहिल्या पंधरा मिनिटांत."

"मग रोज सकाळी बूट घेऊन कुठे जात होतात?"

"घाटावर बसायचो. गावात हार घालून निरोप दिलाय हो आम्हाला, बँड लावून. परत कुठल्या तोंडाने जाणार? तरी त्या शनिवारी निघायचं ठरवलंच होतं. आणि तेवढ्यात तुमचे काका गेले." त्याने मान खाली घातली. "आम्हाला बरं वाटलं, काका. राहायला कारण मिळालं म्हणून. एक माणूस मेलं आणि आम्हाला बरं वाटलं. तेव्हापासून तुमच्याकडे नीट बघवत नाही."

"पन्नासची साठ पानं झाली रे!" निवारणबाबू दारातूनच ओरडले. भूपतीबाबूंनी तोंड उघडलं, पण मिनती पुढे झाली.

"खबर खोटी होती, निवारणदा. काका ठणठणीत आहेत."

"आँ?" निवारणबाबू क्षणभर गोंधळले आणि मग त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा! मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात! भूपती, दहा दिवस अनवाणी चाललास, नशीबवान रे तुझा काका!" ते गल्लीभर ओरडत गेले. पाच पुरुष जमिनीकडे बघत बसून राहिले.

संध्याकाळी मिनतीने मांगूर रांधले, लग्नकार्यातल्या पातेल्यात भात शिजवला आणि पानं मांडली. चौघांनी दोन-दोन घास खाल्ले आणि "पोट भरलं, मावशी" म्हणाले. अठरा दिवसांत पहिल्यांदाच पातेल्यात भात उरला. मिनती झारा घेऊन मध्ये उभी राहिली.

"आता लाजताय? तांदूळ शिजायच्या आधी लाजायचं होतं! हा एवढा भात कोणी खायचा?"

बिशूने ताट बोटभर पुढे सरकवलं. "थोडासा वाढा."

"थांब रे," भूपतीबाबू म्हणाले आणि त्यांनी आपलं ताट त्याच्या ताटाच्याही पुढे ढकललं. "आधी मला. अठरा दिवस मी उपाशी आहे."