ओल्डरॉइड घराण्याची रोस्टावरील स्वारी

श्री ॥ यॉर्कशायर प्रांती कसबे थॉर्नली येथील ओल्डरॉइड घराण्याने रविवारच्या रोस्टाकरिता, म्हणजे भाजल्या मांसाच्या जेवणाकरिता, मुलखातील पबांवर जी स्वारी केली, तिची हकीकत पुढिलांस ठाऊक असावी आणि लोक भलतेसलते बोलतात त्यास आळा बसावा, म्हणोन हे लिहिणे. आम्ही घराण्याचे शेजारी. टेबलाची चौथी खुर्ची रिकामी राहते ऐसे पाहून मोहिमेत दाखल जाहलो, सबब लिहिले ते समक्ष पाहिलेले आहे. पदरचे घातले असेल तर चवीपुरते.

या घराण्याच्या मातुश्री एनिडबाई, वय वर्षे चौऱ्याऐंशी, यांचा अंमल एकावन्न वर्षे निर्वेध चालला होता. दर रविवारी दुपारी एकच्या ठोक्याला त्यांच्या दरबारी बीफचा रोस्ट, भाजके बटाटे, ग्रेव्ही आणि टोपीएवढे फुगलेले यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे तापल्या चरबीत भाजलेला पिठाचा खारा फुगा, हाजिर होत असे, आणि ब्रिटनचे किती वजीर आले आणि गेले तरी त्यात खंड पडला नाही. पुढे बाईंच्या बोटांस संधिवाताने घेरिले आणि फेब्रुवारी महिन्यात उकळत्या चरबीचे ताट हातून निसटून उजवे मनगट भाजले. तेव्हा चिरंजीव क्लाइव्ह, जे पस्तीस वर्षे बसखात्यात वेळापत्रके लावून सेवानिवृत्त जाहले होते, आणि त्यांच्या कबिला ग्लेनिसबाई यांणी खलबत करून, आता ओव्हनास हात लावू नये ऐसा अर्ज गुजराणिला. त्यावर मातुश्रींचे फर्मान सुटले ते असे:

“चार रविवार देते तुला, क्लाइव्ह. बाहेर धड रोस्ट मिळाला तर ठीक. नाहीतर पाचव्या रविवारी, ईस्टरला, ओव्हन मी पेटवणार. मध्ये आलास तर चरबी तुझ्याच हातावर सांडेन.”

बाई बोलतील ते करतील हे जाणून क्लाइव्हरावांची झोप उडाली. मनगटाची पट्टी अद्याप सुटली नव्हती.

मग पहिल्या रविवारी ‘सोनेरी मेंढा’ या ठाण्यावर चालून गेलो. तेथील मांस जोड्याच्या तळव्याप्रमाणे चिवट निघाले आणि बटाटे सुरीस दाद देईनात. चौघांनी दबल्या आवाजात त्यांची मनसोक्त निंदा चालविली असता वाढणारी मुलगी येऊन पुसती जाहली, “सगळं ठीक ना?” आणि चौघेही एकमुखाने वदले, “फारच छान!” कारण या मुलखाची रीत ऐशी की, वाढणाऱ्याच्या तोंडावर अन्नास नावे ठेवणे ही फितुरीपेक्षा मोठी बेअब्रू. नावे गाडीत बसल्यावर ठेवावी.

“तो बटाटा होता की पेपरवेट?” क्लाइव्हराव गाडीत गरजले.

“मग बोलला का नाहीस?” मातुश्री.

“तू तरी कुठे बोललीस, आई?”

“मी पाहुणी होते. पाहुणीनं बोलायचं नसतं.”

दुसऱ्या रविवारी, या मुलखात मार्चात येणारा, मातृदिन पडला, आणि अवघा प्रांत आपापल्या आया घेऊन रणात उतरला होता. ग्रेव्ही माणशी दोन चमचे मिळाली, तीही गार, आणि आम्ही “फारच छान” म्हणोन परतलो. तिसऱ्या रविवारी तर नाचक्की जाहली. त्या पहाटे, दरसालच्या सरकारी हुकुमाने, उन्हाळ्याकरिता देशातील घड्याळे एक तास पुढे सरली. क्लाइव्हराव मोबाइलावर इतबार न ठेविता मनगटी घड्याळच मानीत आणि ते पुढे करावयास विसरले. जन्मभर दुसऱ्यांस बस चुकू नये म्हणोन झटलेला हा पुरुष स्वतःच्या रोस्टास तासभर उशिरा पोचला. मांस संपले होते. शाकाहाऱ्यांकरिता रांधिलेली शेंगदाण्याची वडी खाऊन फौज माघारी आली.

चौथा रविवार निकराचा. ‘विणकरांचा विसावा’ नामे जुनाट पब, तेथील मालकीण मॅक्सीन सग्डेन या स्वतःच रांधीत. ताटे आली. मांस मऊ, बटाटे कुरकुरीत. क्लाइव्हरावांच्या मुद्रेवर आशा दिसू लागली. परंतु पुडिंग चपटे, ओल्या मोज्यासारखे. मग मॅक्सीनबाई एप्रनास हात पुशीत आल्या.

“सगळं ठीक ना?”

“फारच छान,” क्लाइव्हराव बोलले.

“अप्रतिम,” ग्लेनिसबाई बोलल्या. आम्हीही मान डोलाविली, त्याची आजही लाज वाटते.

मातुश्रींनी काटा खाली ठेविला. “नाही.”

पलीकडच्या टेबलावरील गृहस्थाचा पेला ओठांपाशीच थांबला. क्लाइव्हराव लालबुंद होऊन गालिचा न्याहाळू लागले.

“मांस चांगलं आहे,” मातुश्री म्हणाल्या. “बटाटे तर माझ्यापेक्षा बरे. पण हे पुडिंग बसलंय, पोरी. चरबी तापलीच नाही. धूर निघायला हवा.”

मॅक्सीनबाईंनी खुर्ची ओढली आणि मटकन बसल्या. “चार वर्षं झाली. दर रविवारी प्रत्येक टेबलाला विचारते. सगळे म्हणतात छान, आणि निम्मी पुडिंगं ताटात तशीच परत येतात. मला वाटायला लागलं, माझंच डोकं फिरलंय.”

“चरबी का तापवत नाहीस?”

“धुराचा अलार्म वाजतो हो.”

“वाजू दे की!”

ऐसे बोलून मातुश्री उठल्या आणि थेट मुदपाकखान्यात शिरल्या. तेथे स्टुलावर बसून, पट्टी बांधलेला हात उगारून त्या हुकूम सोडीत आणि मॅक्सीनबाई ताट हालवीत. धूर निघाला. अलार्म कडाडला. अवघे गिऱ्हाईक आपापले पेले घेऊन पावसात जाऊन उभे राहिले, तेही शिस्तीने रांग लावून, आणि कोणी तक्रार केली नाही. मग ओव्हन उघडिला तो पुडिंगे बुरुजांसारखी उभी. मातुश्रींनी एक संपूर्ण खाल्ले. परंतु निकाल विचारिला असता ओठ पुसून गाडीत जाऊन बसल्या.

तो आठवडा क्लाइव्हरावांनी जीव मुठीत धरून काढिला. ईस्टरच्या रविवारी ते आईच्या दारी पोचले आणि त्यांणी आधी चिमणीकडे, मग नाक वर करून खिडकीकडे पाहिले. वास नाही. मातुश्री कोट आणि टोपी घालून उंबऱ्यावर उभ्या, काखेत जड पिशवी.

“बघत काय उभा राहिलास? पिशवी धर.”

विसाव्यास पोचताच त्यांणी पिशवीतून पुडिंगाचे पोलादी ताट काढून मॅक्सीनबाईंसमोर ठेविले. एकावन्न वर्षांत ते काळेभोर जाहले होते.

“हे घे. यात पुडिंग फुगतं, खाली बसत नाही.” मग कोणाकडे न पाहता म्हणाल्या, “मला आता उचलत नाही.”

ही कबुली त्यांणी मुलास दिली नव्हती, सुनेस दिली नव्हती, डॉक्टरासही दिली नव्हती. मॅक्सीनबाईंनी ताट दोन्ही हातांनी घेतले. क्लाइव्हरावांनी मेनूकार्ड तोंडासमोर धरिले, ते उलटे होते.

येणेप्रमाणे ईस्टरच्या रविवारी, दुपारी एकच्या ठोक्यास, मोहीम फत्ते जाहली. चौघांची जागा खिडकीपाशी कायम जाहली. एनिडबाईंनी आपला अंमल आपल्या हाताने दुसरीच्या हाती दिला आणि घरातला रविवार राखिला. त्या दिवशी त्या दोन पुडिंगे जेविल्या, हे खरे लिहिले असे.