नखं बघणारे इस्माईलभाई

इस्माईलभाई आधी नखं बघतात, मग सलाम घेतात. समोर मालक असो की गॅसचा सिलिंडर आणणारा. "हात दाखव," म्हणायचं, डॉक्टर एक्स-रे बघतात तसं बोटांकडे बघायचं आणि सांगायचं, "या नखात तर सगळी अब्बासिया राहते."

आखातातल्या या अब्बासिया वस्तीत आमचं डब्यांचं किचन आहे. मी भाज्या करते, सुलभा चपात्या लाटते आणि श्रीवर्धनचे इस्माईलभाई भांडी घासतात. नेमणूक भांड्यांवर, राज्य आम्हा सगळ्यांवर. मी चौथीपर्यंत शिकले. हात धुवायला मात्र या माणसानं मला साठीत शिकवलं. बोटांच्या मधे, अंगठा वेगळा, मनगट वेगळं. "बाय, नळाला हात दाखवून आलीस, धुतले कुठे?" तेही सगळ्यांसमोर!

फडक्यांचा तर त्यांनी धर्मच केलाय. ओट्याचं पिवळं, भांड्यांचं पांढरं, जमिनीचं निळं. सुलभानं एकदा पिवळ्यानं जमीन पुसली. भाईंनी ते फडकं चिमट्यात धरून कचऱ्यात नेलं आणि दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रागानं सगळे डबे ब्लीचमध्ये असे बुडवले की पलीकडच्या सलवा भागातल्या एका गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, "आमटी स्विमिंग पूलच्या पाण्यात केली काय?"

मालकांची स्वच्छता वेगळी. बलदियाचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, तपासनीस येणार अशी कुणकुण लागली की कपाटातून हातमोज्यांचा खोका निघतो. ते गेले की खोका पुन्हा कुलपात. हातमोजे घातले की माणसाला वाटतं, आता आपण जन्मभरासाठी स्वच्छ झालो. एकदा मालकांनी मोजे घालूनच फोन घेतला, कान खाजवला आणि त्याच हातानं भाताचं शीत दाबून बघितलं. भाईंनी अख्खं पातेलं उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

"साहेब, हा भात आता तुमचा. बसा, जेवून घ्या."

नोकरी वाचली, कारण तशी भांडी घासणारा दुसरा कुणी मालकांना सापडला नसता.

शिंकेचा नियमही भाईंचाच. शिंक आली की बाहेर. अख्खा दिवस शिंकेशिवाय गेला की आत. मला दोनदा काढलंय, सुलभाला तीनदा. तिची एक तर मिरचीची शिंक होती, तरी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात भाई स्वतःच शिंकले. आम्ही दोघींनी एकदम मान वळवली. त्यांनी मुकाट्यानं एप्रन काढला आणि बाहेर गेले. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी तोंडाला रुमाल बांधून मागच्या दारात हजर.

"बाय, कालपासून एकच शिंक. चालेल?"

"नाही."

"अर्धीच होती."

"नियम तुमचा आहे, भाई."

गेले नाहीत. पायरीवर बसून तिथूनच ओरडत राहिले, "सुलभा, झाकण! पातेल्यावर झाकण!"

तिसऱ्या दिवशीही तेच. तीच विनवणी, तीच पायरी. मग मात्र मी चिडले. चहा घेऊन बाहेर गेले.

"दवाखान्यात गेलात?"

"गेलो. गोळ्या दिल्या."

"मग गोळ्या घेऊन खोलीवर झोपा ना. डोळे बघा कसे लाल झालेत. इथं काय ठेवलंय?"

"तीन हात लांब बस," ते म्हणाले. मी सरकले.

"खोलीत सहा जण आहोत, बाय. कुणाची दिवसपाळी, कुणाची रात्रपाळी. जो असतो तो झोपलेला असतो. परवापासून ताप आहे, कुणाला पत्ता नाही." मग रुमालाआडून हसले. "इथं एक शिंक आली तर अख्खं किचन वळून बघतं."

मी त्यांचा चहा संपेपर्यंत बसले.

"उद्या येऊ?"

"या."

"आणि शिंक आली तर?"

"आत घेणार नाही," मी म्हटलं. "पण या."